लोकशाहीचा जागता पहारेकरी

आपल्या भंवरकुआंवरून राऊकडे जाणारा रस्ता पुढे महूच्या छावणीत पोहोचतो. त्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी भीमराव आंबेडकरांचा जन्म झाला. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून त्यांना सारे ओळखतात. परंतु लोकशाहीत विरोधी पक्षाने कसे वागावे, याचाही धडा त्यांनी आपल्या आचरणाने घालून दिला.

१९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. पुढच्या वर्षी निवडणुका झाल्या. मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि बाबासाहेब विरोधी बाकांवर बसले. मात्र विरोधासाठी विरोध हा त्यांचा बाणा नव्हता. कोकणातील कुळे खोतांच्या जुलमाने गांजली होती. ती खोती नष्ट व्हावी म्हणून त्यांनी १९३७ मध्येच विधेयक मांडले, आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर नेला. विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही; पण स्वातंत्र्यानंतर खोती कायद्याने संपली. अल्पमतातील पक्षाने पेरलेले बी असे पुढे उगवते.

१९५१ साली, हिंदू संहिता विधेयक रखडल्यावर त्यांनी केंद्रीय मंत्रिपदाचा त्याग केला. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत ते मुंबईतून पराभूत झाले. ज्यांनी घटना घडविली, त्यांनाच मतदारांनी नाकारले! तरीही लोकशाहीवरील त्यांची निष्ठा ढळली नाही. ते राज्यसभेत गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुण्याच्या वकिलांपुढे त्यांनी लोकशाहीच्या यशाच्या अटी विशद केल्या. सत्ताधाऱ्यांना जाब विचारणारा विरोधी पक्ष ही त्यांतील एक प्रमुख अट होती. इंग्लंडात विरोधी पक्षनेत्याला सरकारी वेतन मिळते, हे त्यांनी तेथे आवर्जून सांगितले. भारतात तशी तरतूद करणारा कायदा १९७७ मध्ये झाला. तेव्हा बाबासाहेब जाऊन वीसहून अधिक वर्षे लोटली होती.

आयुष्याच्या अखेरीस सर्वांना खुला असा नवा पक्ष काढण्याचा त्यांनी संकल्प केला होता. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले आणि रिपब्लिकन पक्ष १९५७ मध्ये, त्यांच्या पश्चात, उभा राहिला.

विद्यार्थी मित्रांनो, वर्गातील निवडणुकीत आपण हरलो, तर रुसून बसू नये. आणि जिंकलो, तर हरलेल्याचे म्हणणे आधी ऐकावे. महूत जन्मलेल्या या महापुरुषाचे खरे स्मरण ते हेच.