हलक्या बॅटरीसाठी एडिसन यांची दहा वर्षे

विजेच्या दिव्यामुळे घराघरांत पोहोचलेले अमेरिकी संशोधक थॉमस अल्वा एडिसन (१८४७-१९३१) यांनी उमेदीची सुमारे दहा वर्षे मोटारीच्या बॅटरीसाठी वेचली. शिशाची बॅटरी फार जड. तिला हलका पर्याय म्हणून त्यांनी निकेल आणि लोखंड निवडले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ही बॅटरी बाजारात आली. पण तिला गळती लागली. एडिसन यांनी उत्पादन थांबवून नव्याने प्रयोग आरंभिले. १९०९ च्या सुमारास टिकाऊ बॅटरी सिद्ध झाली. तोवर हेन्री फोर्ड यांची स्वस्त पेट्रोल मोटार रस्त्यावर धावू लागली होती. १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणला. त्यासाठी क्षणभर मोठा विद्युतप्रवाह हवा होता. तो शिशाच्या बॅटरीने सहज दिला. एडिसन यांची बॅटरी खाणकामगारांचे दिवे आणि रेल्वे सिग्नल यांच्यासाठी उपयोगी ठरली. मोटारीत मात्र शिसेच राहिले.