वसईच्या विजेत्याच्या घरातला खोकला

चिमाजी अप्पांचे नाव घेतले की आम्हा वसईकरांच्या डोळ्यांपुढे एक धिप्पाड स्वार उभा राहतो. किल्ल्यात त्यांचा पुतळा आहे, शाळांच्या सहली तिथे थांबतात, मे महिन्यात विजयाची आठवण जागवली जाते. मी अनेक वर्षे शाळेत इतिहास शिकवला. वसईचा धडा संपला की एखादा मुलगा हमखास विचारायचा, एवढा मोठा विजय मिळवणारे अप्पा पुढे दीड वर्षातच कसे गेले? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही रणांगणावर सापडत नाही. ते त्यांच्या छातीत होते.

अप्पा हे बाळाजी विश्वनाथांचे धाकटे चिरंजीव. सिद्दीच्या जाचामुळे श्रीवर्धन सोडलेले हे घराणे, आणि वडिलांचे आयुष्य स्वारी-शिकारीत गेलेले. १७१९ मध्ये बाळाजीपंत दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले आणि वर्षभरातच, एप्रिल १७२० मध्ये, सासवडला वारले. थोरल्या बाजीरावांना विसावेही पुरे झाले नव्हते. अप्पा त्यांच्याहून लहान. बाजीरावांची प्रकृती काटक, घोड्याच्या पाठीवर रात्र काढणारी. अप्पांची नाजूक. खोकला, ताप, अशक्तपणा यांनी त्यांचा पिच्छा कधी सोडला नाही. चरित्रकारांनी छातीच्या विकाराकडे बोट दाखवले आहे, आणि पुष्कळांनी तो क्षयच मानला आहे.

तरी कामे त्यांच्याकडे किती! बाजीराव मुलखावर दौडत असताना पैशाची तोंडमिळवणी, सावकारांची मनधरणी, साताऱ्यास शाहू महाराजांची मर्जी राखणे, घरातले रुसवेफुगवे, सारे अप्पांनी सांभाळायचे. आणि वेळ आली की तलवारही धरायची. १७२८ मध्ये अमझेऱ्याला त्यांनी माळव्याच्या मोगल सुभेदाराचे सैन्य मोडले, १७३६ मध्ये रेवासजवळ सिद्दी सात याला मारले. बाजीरावांची धडाडी सगळे गातात. मला मात्र धाकट्या भावाचा चिवटपणा अधिक मोठा वाटतो.

घरचे सुख बेताचेच. १७३० च्या ऑगस्टात मुलगा झाला, सदाशिव. आणि महिना उलटायच्या आत त्याची आई रखमाबाई गेली. पोर आजी राधाबाईंच्या मायेत वाढले. बाजीरावांचे थोरले चिरंजीव नानासाहेबही कारभाराचे धडे काकांच्याच हाताखाली गिरवत होते. म्हणजे पुढे मराठेशाही चालवणारी दोन मुले या सतत खोकणाऱ्या माणसाच्या सहवासात वाढली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

उत्तर कोकणची मोहीम १७३७ मध्ये सुरू झाली. ठाणे आणि अर्नाळा त्याच वर्षी हाती आले, पण वसई हलेना. १७३९ च्या जानेवारीत माहीम, केळवे, तारापूर पडले. तारापुरास बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. मग फेब्रुवारीपासून खुद्द वसईला वेढा. आमचा हा किल्ला ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको, तीन बाजूंनी समुद्र आणि खाडी, एका बाजूला जमीन, तीही दलदल आणि वाळूची. उन्हाळा पेटलेला, हवा खारट आणि ओलसर. उत्तरेत नादिरशहाने दिल्ली लुटली होती आणि बाजीरावांना तिकडे भावाची गरज होती. पावसाळा तोंडावर आलेला. एकदा सरी कोसळल्या की सुरुंग विझले, मोहीम विझली.

आपले मस्तक तोफेच्या तोंडी बांधून किल्ल्यात उडवा, निदान तेवढे तरी आत पडेल, असे अप्पांनी सरदारांना सुनावल्याची कथा आहे. तिच्यात आपण नेहमी वीरश्री पाहतो. त्या माणसाचे आजारपण ठाऊक असले की कथा निराळी वाटते. आपल्याजवळ फारसे दिवस नाहीत हे ज्याला कळले आहे, त्याची ती घाई आहे.

मेच्या सुरुवातीला सॅन सेबॅस्टियन बुरुजाखालचे सुरुंग उडाले, आणि त्याच महिन्यात पोर्तुगीजांनी किल्ला खाली केला. मराठ्यांकडचे हजारो मेले, जखमी झाले. वज्रेश्वरीला बोललेला नवस अप्पांनी फेडला. २८ एप्रिल १७४० रोजी बाजीराव रावेरखेडीस वारले. अप्पांनी पुतण्याच्या पेशवाईला पाठबळ दिले आणि १७ डिसेंबर १७४० रोजी तेही गेले. पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या. सदाशिव दहा वर्षांचा होता.

वसईच्या वेढ्यात ज्यांनी शर्थ केली त्या सरदारांच्या मुलांचे पाहा. राणोजी शिंद्यांचे जयाप्पा आणि दत्ताजी मारले गेले, महादजींचा पाय पानिपतावरून पळताना कायमचा अधू झाला. मल्हारराव होळकरांचे खंडेराव कुंभेरीस पडले, आणि नातू मालेराव मनोविकाराने ग्रस्त होऊन १७६७ मध्ये वारला. अप्पांचा सदाशिव, म्हणजे आपले भाऊसाहेब, पानिपतावर गेले. नानासाहेब त्याच वर्षी, १७६१ च्या जूनमध्ये, पर्वतीवर खंगून वारले. त्यांचे चिरंजीव माधवराव तर अवघे सत्तावीस वर्षांचे असताना, १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, थेऊरच्या चिंतामणीच्या देवळात क्षयाने गेले.

हा रोग कुळातच होता, असे जुनी माणसे म्हणत आणि अशा घरात मुलगी द्यायला कचरत. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू दाखवून दिले आणि कुळाचा दोष निघाला. क्षय वारशाने उतरत नाही. खोकल्यातून हवेत येतो, एका छपराखाली, एका डेऱ्यात राहणाऱ्यांना गाठतो. उपासमार, दगदग, जागरण यांनी तो बळावतो, आणि लढाईवरचा माणूस या तिन्ही गोष्टी घेऊनच घरी येतो. पोरे त्याच्या मांडीवर बसतात. पेशव्यांच्या घरात जंतू याच वाटेने पिढीमागून पिढी फिरले असावेत, असा माझा तर्क आहे. काकांपासून पुतण्याला, आणि पुढे.

माधवरावांपाशी राजवैद्य होते, काढे होते, हवापालट होता. औषध मात्र नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ साल उजाडावे लागले. जगातल्या क्षयरुग्णांपैकी जवळपास पाव रुग्ण आजही भारतात आहेत, आणि दाटीवाटीच्या आमच्या वसई-विरारमध्ये एका खोलीत चार-सहा माणसे राहतात. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी आणि औषधे फुकट मिळतात, साधारण सहा महिन्यांत बहुतेकांना गुण येतो, आणि नोव्हेंबर २०२४ पासून रुग्णाला सकस आहारासाठी महिना हजार रुपये मिळू लागले. रुग्ण सापडला की घरातली मुलेही तपासतात, आणि ज्यांना आजार झालेला नाही त्यांनाही तो होऊ नये म्हणून गोळ्या देतात.