निळ्या पडद्यामागचा हिशेब

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग तेवढं आणता येत नाही, असं आपल्याकडची जुनी माणसं सांगत आली आहेत. चित्रपट काढायला निघालेल्या माणसाला या म्हणीचा अर्थ फार लवकर कळतो. कवीला एक वही पुरते, चित्रकाराला रंग आणि कापड पुरतं. चित्रपटवाल्याला मात्र भाड्यानं कॅमेरा आणावा लागतो, दिवे आणावे लागतात आणि पंधरा-वीस माणसांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय करावी लागते. चित्रपटाचं शिक्षण घेणारी मुलं आपला पहिला लघुपट करायला घेतात, तेव्हा मामा-काकांपासून मित्राच्या मित्रापर्यंत सगळ्यांपुढे वर्गणीसाठी हात पसरतात. आता समजा, त्या लघुपटाचा विषय दोन पुरुषांचं किंवा दोन स्त्रियांचं प्रेम असेल, त्यातलं एक माणूस गेल्यावर मागे राहिलेल्याचं दुःख असेल, तर? विषय कानावर पडताच खिशाकडे गेलेला समोरच्याचा हात जागीच थबकतो. वर्गणी राहते बाजूला आणि पदरी उपदेश पडतो.

अशा मुलामुलींनी मुद्दाम माहिती करून घ्यावं असं एक आयुष्य इंग्लंडमध्ये होऊन गेलं. डेरेक जार्मन हे त्या दिग्दर्शकाचं नाव. समलिंगी प्रेम आणि त्या प्रेमाच्या वाट्याला आलेला शोक, हा त्याच्या चित्रपटांचा जन्मभराचा विषय होता. आणि पैशांची चणचण ही त्याची जन्मभराची सोबतीण.

जार्मनचा जन्म ३१ जानेवारी १९४२ चा, लंडनजवळच्या नॉर्थवूडचा. वडील मूळचे न्यूझीलंडचे. ब्रिटिश हवाई दलात अधिकारी होते. घरात शिस्त कडक. मुलाला लहानपणीच निवासी शाळेत ठेवलं होतं. तिथे एका मित्राशी असलेल्या जवळिकीवरून नऊ वर्षांच्या या पोराला सगळ्यांसमोर अपमान सोसावा लागला. तो ओरखडा पुढे कधी बुजला नाही. मुलाला चित्रकार व्हायचं होतं. वडिलांनी तोड काढली, की आधी रीतसर पदवी घे, मग चित्रकलेच्या शिक्षणाचा खर्च मी करतो. मुलानं शब्द पाळला. लंडनच्या किंग्ज कॉलेजातून तो पदवीधर झाला आणि १९६३ मध्ये स्लेड या नामांकित कलाशाळेत दाखल झाला. पैशाच्या बदल्यात काहीतरी द्यावं लागतं, हा धडा त्याला घरातच मिळाला होता.

त्या काळात इंग्लंडमध्ये दोन पुरुषांचं प्रेम हा गुन्हा होता. १९६७ साली कायदा बदलला आणि एकवीस वर्षांवरच्या पुरुषांना चार भिंतींच्या आड तरी मोकळीक मिळाली. जार्मन तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. म्हणजे तारुण्याची पहिली काही वर्षं त्यानं कायद्याच्या नजरेतला गुन्हेगार म्हणूनच काढली.

चित्रपटात तो आला तो नेपथ्यकार म्हणून. रेल्वेच्या प्रवासात झालेल्या एका ओळखीतून केन रसेल या गाजलेल्या दिग्दर्शकापर्यंत तो पोहोचला आणि १९७१ च्या ‘द डेव्हिल्स’ या चित्रपटाचे प्रचंड सेट त्यानं उभारले. मोठ्या पैशाचा चित्रपट कसा चालतो, हे त्यानं तिथे जवळून पाहिलं. पण स्वतःचा चित्रपट करायची वेळ आली, तेव्हा त्याच्या हातात होता मित्राकडून आलेला सुपर-८ कॅमेरा. घरातल्या वाढदिवसांचं आणि सहलींचं चित्रण करायला लोक तो वापरायचे.

हा छोटा कॅमेरा पुढे त्याचं मोठं हत्यार झाला. त्यामागचं गणित साधं आहे. सुपर-८ च्या एका डबीत सुमारे ३,६०० चित्रं मावतात. नेहमीच्या वेगानं, म्हणजे सेकंदाला अठरा चित्रं या हिशेबानं, ती डबी सव्वातीन मिनिटांत संपते. जार्मननं सेकंदाला सहा, कधी तीनच चित्रं टिपायला सुरुवात केली आणि पडद्यावर ती तेवढ्याच संथपणे दाखवली. सहाच्या वेगानं तीच डबी दहा मिनिटं पुरली, तीनच्या वेगानं वीस मिनिटं. पैसे वाचले ते वाचलेच, वर माणसांच्या हालचाली स्वप्नातल्यासारख्या अडखळत, थबकत दिसू लागल्या. समीक्षकांनी पुढे या शैलीचं पुष्कळ कौतुक केलं. तिच्या मुळाशी गृहिणीच्या डब्यातल्या साखरेसारखी काटकसर होती.

थेम्स नदीकाठच्या जुन्या गोदामांत तो राहायचा. तिथेच भिंतीवर हे लघुपट दाखवायचा. प्रेक्षक म्हणजे मित्रमंडळी, आणि त्या लघुपटांत काम करणारीही तीच.

मोठ्या लांबीचा पहिला चित्रपट आला तो १९७६ मध्ये. ‘सेबास्टियन’ हे त्याचं नाव. जेम्स व्हेली हा उत्साही तरुण निर्माता त्याच्या पाठीशी उभा राहिला. कुठल्याही मोठ्या कंपनीनं या विषयाला हात लावला नसता, म्हणून ओळखीपाळखीच्या लोकांकडून थोडं थोडं भांडवल गोळा केलं गेलं. सार्डिनिया बेटावर ही मंडळी गेली. रोमन सैन्यातला एक शिपाई, त्याच्यावर जडलेलं त्याच्या वरिष्ठाचं प्रेम आणि त्यातून ओढवलेला मृत्यू, अशी कथा. ख्रिस्ती परंपरेतल्या एका संताचीच ती गोष्ट. संवाद सगळे लॅटिन भाषेत आणि इंग्लंडमध्येच इंग्रजी तळटिपा! वेशभूषेचा खर्चही बेताचाच, कारण त्या रणरणत्या उन्हातल्या शिपायांच्या अंगावर कपडे नावालाच होते. चित्रपट लंडनमध्ये चालला. गहजबही झाला. पण दोन पुरुषांचं प्रेम इतक्या उघडपणे आणि कसलीही माफी न मागता पडद्यावर आलं, याचं अप्रूप पुष्कळांना वाटलं.

यानंतर ‘ज्युबिली’ आणि ‘द टेम्पेस्ट’ झाले. आता पुढचा रस्ता सोपा असेल, असं कुणालाही वाटलं असतं. तसं झालं नाही. इटालियन चित्रकार काराव्हाज्जो याच्या जीवनावर त्याला चित्रपट करायचा होता. त्यासाठी पैसे उभे राहायला सात वर्षं लागली. या सात वर्षांत पटकथा पुन्हा पुन्हा लिहिली गेली. निर्माते भेटत, आशा लावत आणि दिसेनासे होत. गरिबीतून कला फुलते वगैरे म्हणणं सोपं असतं. ज्याची ऐन चाळिशीच्या आसपासची सात वर्षं अशी दारोदार फिरण्यात जातात, त्याला ते म्हणता येत नाही. पोटापाण्यासाठी आणि हात चालता ठेवण्यासाठी तो गायकांच्या गाण्यांवर छोट्या चित्रफिती करून देत होता.

या वनवासातच त्यानं एक लहानसा चित्रपट केला, ‘द अँजेलिक कॉन्व्हर्सेशन’. दोन तरुण, समुद्रकिनारा, पाणी, धुकं आणि ज्युडी डेंच या थोर अभिनेत्रीच्या आवाजात शेक्सपिअरची चौदा सुनीतं. बाकी संवाद नाहीत. त्याच स्वस्त कॅमेऱ्यानं, त्याच संथ वेगानं सगळं चित्रण केलं. आधी चित्रपट बऱ्यापैकी हाती घ्यायचा आणि मग तो मोठ्या पडद्यासाठी पुरा करायला सरकारी अनुदानावर चालणाऱ्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटकडे जायचं, ही त्याची रीत होती. रिकाम्या हातानं मागण्यापेक्षा अर्धं काम दाखवून मागावं, हे शहाणपण त्याला अनुभवानं आलं होतं.

अखेर याच संस्थेनं ‘काराव्हाज्जो’ला पैसे दिले. रक्कम पाच लाख पौंडांच्या आतली. मोठ्या ऐतिहासिक चित्रपटाच्या मानानं चणेफुटाणेच. इटलीला जाणं परवडणार नव्हतं. मग लंडनच्या गोदी भागातल्या एका गोदामात सतराव्या शतकाची इटली उभी राहिली. भिंती, सावल्या आणि एका बाजूनं येणारा उजेड. काराव्हाज्जोच्या चित्रांत तरी याहून वेगळं काय असतं? १९८६ च्या बर्लिन महोत्सवात या चित्रपटाला रौप्य अस्वल मिळालं. टिल्डा स्विंटन ही पुढे जगभर गाजलेली अभिनेत्री याच चित्रपटातून पडद्यावर आली.

आता कुठे दिवस पालटत होते. तेवढ्यात त्याच वर्षी वडील वारले आणि २२ डिसेंबर १९८६ रोजी जार्मनला स्वतःच्या रक्ततपासणीचा निकाल कळला. एचआयव्ही. त्या वेळी या रोगावर धड औषध नव्हतं. निदान म्हणजे शिक्षाच. त्याच्या ओळखीतले तरुण मित्र एकामागून एक जात होते. वर्तमानपत्रं तर रोग्यांनाच दोषी धरत होती. प्रसिद्ध माणसं हा आजार लपवत असताना जार्मननं तो उघडपणे सांगून टाकला. १९८८ मध्ये शाळांतून आणि पालिकांमार्फत समलिंगी संबंधांना उत्तेजन देण्यास बंदी घालणारं कलम ब्रिटनमध्ये आलं, तेव्हा त्याविरुद्ध रस्त्यावर उतरणाऱ्यांत तो होता.

वडिलांच्या मागे जे पैसे हाती आले, त्यातून १९८७ साली त्यानं केंट परगण्यात डंजनेस इथे कोळ्याची एक लाकडी झोपडी घेतली. किंमत ३२ हजार पौंड. डांबर फासलेल्या काळ्या भिंती, पिवळ्या खिडक्या, मागे अणुवीज केंद्र आणि सभोवार नुसते गोटे. त्या गोट्यांत, खाऱ्या वाऱ्यात, त्यानं बाग फुलवली. समुद्रानं फेकलेली लाकडं, गंजलेले लोखंडी तुकडे यांची त्यानं तिथे मांडणी केली. ज्याला किती दिवस उरलेत हे ठाऊक नाही, त्यानं पुढच्या वसंतात उगवणारं बी पेरावं, यातच त्या माणसाचा स्वभाव दिसतो. कीथ कॉलिन्स हा तरुण सोबती त्याला याच सुमारास भेटला आणि त्यानं अखेरपर्यंत साथ दिली.

पुढच्या सहा-सात वर्षांत जार्मननं कामाचा सपाटा लावला. ‘द गार्डन’ त्यानं त्या झोपडीभोवतीच चित्रित केला. ख्रिस्ताच्या छळाची कथा त्यात दोन प्रेमिकांच्या वाट्याला येते. ‘विट्गेन्स्टाइन’ तर सेटशिवाय, नुसत्या काळ्या पडद्यापुढे दोनेक आठवड्यांत पुरा केला. पैसे कमी झाले, की तो चित्रपटातली एकेक वस्तू काढून टाकायचा. आधी परदेश काढला, मग संवाद काढले, मग भिंती काढल्या.

शेवटी उरलं होतं ते दृश्य. आजारानं त्याची नजर जात चालली होती. एकाच निळ्या रंगाचा चित्रपट करायची कल्पना जुनी होती. फ्रेंच चित्रकार ईव्ह क्लाइनच्या गडद निळ्या चित्रांवरून ती त्याला सुचली होती. पण कोरा निळा पडदा दाखवायला पैसे कोण देणार? आता त्या कल्पनेला तिचा अर्थ सापडला. १९९३ च्या ‘ब्लू’ या चित्रपटात ७९ मिनिटं पडद्यावर निळ्या रंगाखेरीज काहीही नाही. ऐकू येतात ते आवाज, संगीत, रुग्णालयाच्या फेऱ्या, औषधांची नावं, गेलेल्या मित्रांची नावं आणि त्यांच्यावरचं प्रेम. यासाठी चॅनल फोर, बीबीसीचं रेडिओ-३, कला परिषद आणि एक जपानी कंपनी अशा अनेकांनी थोडा थोडा वाटा उचलला. १९ सप्टेंबर १९९३ रोजी दूरदर्शन वाहिनीवर आणि रेडिओवर तो एकाच वेळी प्रसारित झाला. शोकाचं चित्र काढायला काही लागत नाही, हे त्या दिवशी घरोघरी कळलं.

१९ फेब्रुवारी १९९४ रोजी लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात जार्मन गेला. वय बावन्न. दोनच दिवसांनी ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहानं समलिंगी पुरुषांसाठीची संमतीची वयोमर्यादा एकवीसवरून अठरावर आणण्याच्या बाजूनं मत दिलं. तो बदल पाहायला तो नव्हता.

ब्रिटिशांनी आपल्यावर लादलेलं कलम ३७७ प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरतं जायला मात्र ६ सप्टेंबर २०१८ उजाडावं लागलं. त्याआधी १९९६ मध्येच मुंबईच्या रियाद वाडिया यानं, पुण्यात इंग्रजी शिकवणाऱ्या आर. राज राव यांच्या कवितांवर ‘बॉमगे’ हा जेमतेम बारा मिनिटांचा लघुपट केला होता. वाडिया हा हंटरवालीचे चित्रपट काढणाऱ्या घराण्याचा वारस. त्यालाही या विषयाला हात घालावा लागला तो लहान चणीच्या चित्रपटातूनच. २००३ मध्ये छत्तिसाव्या वर्षी तो गेला.

जार्मनच्या गोष्टीला एक शेवट आणखी आहे. झोपडी त्यानं कीथ कॉलिन्सच्या नावे ठेवली होती. २०१८ मध्ये कीथही गेला आणि ती विकली जाण्याची वेळ आली. तेव्हा ‘आर्ट फंड’ या संस्थेनं लोकांकडे वर्गणी मागितली. दहा आठवड्यांत, २०२० च्या मार्चअखेरपर्यंत, ३५ लाख पौंड जमले. देणारे आठ हजारांहून अधिक होते. कुणी मोठी रक्कम दिली, पुष्कळांनी जमेल तेवढी दिली. ज्या माणसाला एका चित्रपटासाठी सात वर्षं दारं ठोठावावी लागली, त्याच्या दारासाठी इतकी माणसं पुढे आली.

हे सगळं त्याच्या हयातीत झालं असतं तर, असा विचार मनात येतोच. गेलेल्यांसाठी आपण खिसा सैल करतो. जिवंत माणूस विषय सांगायला येतो, तेव्हा हात आखडतो. तेव्हा उद्या घरातली, शेजारची एखादी मुलगी आपल्या लघुपटासाठी वर्गणी मागायला आली आणि विषय सांगताना क्षणभर चाचरली, तर पैसे द्यायचे की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण तिला आधी बसायला सांगावं आणि गोष्ट पुरी ऐकून घ्यावी. त्याला तर काही खर्च येत नाही.