मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि देशाचे पाणी

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे घटनाकार म्हणून असलेले कार्य आपल्या सभासद-कुटुंबांतील लहान मुलांसही मुखोद्गत आहे. त्याची पुनरुक्ती आम्ही करीत नाही. त्यांच्या आयुष्यातील चार वर्षांकडे तेवढे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. आम्ही पुष्कळ वर्षे वर्गात फळ्यावर दामोदर नदी काढली, तिच्या खोऱ्यातील धरणांची नावे मुलांकडून पाठ करून घेतली; परंतु त्या धरणांशी बाबासाहेबांचा काही संबंध असेल, हे आमच्या ध्यानी फार उशिरा आले.

महू येथे १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेल्या बाबासाहेबांचे बालपण साताऱ्यास गेले. शाळेतील नळास हात लावण्याची त्यांस मुभा नव्हती. शिपायाने तोटी उघडली तरच तहान भागे. १९०१ साली भावंडांसह वडिलांच्या नोकरीच्या गावी जाताना मसूर स्थानकापुढील बैलगाडीच्या प्रवासात त्यांना प्यावयास पाणी मिळाले नाही. कोलंबिया व लंडन येथे अर्थशास्त्राच्या सर्वोच्च पदव्या मिळवून परतल्यावर २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले, तो प्रसंग सर्वश्रुत आहे.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. खात्याचे नाव मजूर. परंतु पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्याच खात्याकडे होते. पुढच्याच वर्षी दामोदरास महापूर आला, बांध फुटला, रेल्वे व ग्रँड ट्रंक रस्ता तुटला. बंगालात त्याच साली दुष्काळाने माणसे मरत होती. तोवर पुरावर एकच उपाय ठाऊक होता, तो म्हणजे बांध उंच करणे. बाबासाहेबांचे मत निराळे होते. विपुल पाणी ही आपत्ती नव्हे; ते साठवून त्यातून शेती, वीज व जलवाहतूक एकत्र साधावी, असे ते मानीत. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचा नमुना त्यांच्यासमोर होता.

अडचण मात्र कायद्याची होती. १९३५ च्या कायद्यान्वये पाटबंधारे हा प्रांतांचा विषय. धरणे बिहारात व्हावयाची आणि पूर यावयाचा बंगालात! मग बिहारने जमीन का द्यावी? हुकूम सोडून हे जमणारे नव्हते. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यास त्यांनी दोन्ही प्रांतांस एकत्र बसविले. एप्रिल १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला. पंजाबातील नामांकित अभियंते अ. ना. खोसला त्याचे पहिले अध्यक्ष. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे ओरिसातील नद्यांविषयी परिषद भरली.

१९४६ साली बाबासाहेबांनी ते पद सोडले. दामोदर खोरे महामंडळाचा कायदा १९४८ साली झाला, तो विधेयकरूपाने मांडणारे मंत्री आपले काकासाहेब गाडगीळ. खात्याची नावे पुढे अनेकदा बदलली: १९५२ साली पाटबंधारे व वीज, १९८५ साली जलसंपत्ती, २०१९ साली जलशक्ती. दामोदर खोऱ्यात तिलैया, कोनार, मैथन व पंचेत ही धरणे १९५३ ते १९५९ या काळात झाली.

सर्व गोड झाले, असे लिहिणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. महानदीवरील एकट्या हिराकूडपायी लाखावर माणसे घरादारास मुकली, आणि त्यांत दुर्बळांचाच भरणा मोठा होता.

त्या हिराकूडचे उद्घाटन १३ जानेवारी १९५७ रोजी झाले. बाबासाहेब त्यापूर्वी सव्वा महिना, ६ डिसेंबर १९५६ रोजी, दिल्लीत निवर्तले होते.