ऑर्व्हिल राईट

शनिवारी सकाळच्या शाळेत गुरुजींनी आम्हाला कागदाची विमाने करायला शिकवली. माझे विमान सारखे नाकावर आपटायचे. सगळे हसले. मग गुरुजींनी पंखांची मागची कड थोडी वर वळवली. तेव्हा ते सरळ पार कडुलिंबापर्यंत गेलं! नंतर गुरुजींनी ऑर्व्हिल राईट यांची माहिती सांगितली. ती मी लिहीत आहे.

ऑर्व्हिल यांचा जन्म १९ ऑगस्ट १८७१ रोजी अमेरिकेत डेटन या गावी झाला. वडिलांचे नाव मिल्टन व आईचे नाव सुसान होते. आई स्वतः मुलांना खेळणी करून देई. विल्बर हा भाऊ चार वर्षांनी मोठा होता.

१८७८ साली वडिलांनी गावाहून एक खेळणे आणले. ते बूच, बांबू व कागदाचे होते. रबराला पीळ दिला की ते भुर्रकन छताकडे उडायचे. मुलांच्या हातात ते किती दिवस टिकणार? लवकरच मोडले. पण दोघे रडत बसले नाहीत. त्यांनी तसेच खेळणे घरी केले. ते उडाले. मग आणखी मोठे केले, तर ते उडेचना. दुप्पट मोठे केले की आठपट जोर लागतो, हे त्या पोरांना कुठून ठाऊक?

मोठेपणी दोघांनी सायकलींचे दुकान काढले. पण उडण्याचे वेड गेले नाही. हवेत तोल कसा सांभाळायचा हा मोठा प्रश्न होता. पंख थोडे पिळले की विमान कलते, हे विल्बरना एका पुठ्ठ्याच्या खोक्यावरून सुचले. १९०१ साली त्यांचे बिनइंजिनाचे विमान नीट उडाले नाही. दोघे फार निराश झाले. तरी त्यांनी लाकडी पेटीत पंख्याने वारा सोडून सुमारे २०० छोटे पंख तपासले.

१४ डिसेंबर १९०३ ला विल्बर इंजिनाच्या विमानात बसले. विमान पडून मोडले. त्यांनी ते दुरुस्त केले. १७ डिसेंबरला ऑर्व्हिल यांची पाळी होती. विमान १२ सेकंद उडाले व १२० फूट गेले. त्याच दिवशी विल्बर ८५२ फूट गेले.

विल्बर १९१२ साली विषमज्वराने वारले. ऑर्व्हिल ३० जानेवारी १९४८ ला वारले. त्याच दिवशी आपल्या महात्मा गांधींची हत्या झाली.

खेळणे मोडले, विमान मोडले, पण त्यांनी नाद सोडला नाही. आपणही सोडू नये.

पालकांना एक विनंती. आम्ही नव्या वहीची पाने फाडणार नाही. पण पाठकोऱ्या कागदाचे विमान केले तर रागावू नका.

इयत्ता चौथी