धूमकेतू शोधणारी कॅरोलाइन

जर्मनीतील हॅनोवर शहरी १६ मार्च १७५० रोजी लष्करी बँडमधील एका वादकाच्या घरी कॅरोलाइन हर्शेलचा जन्म झाला. मुलीने शिकावे असे वडिलांना वाटे, आईला नाही. मुलीला वाचता-लिहिता आले की पुरे, पुढे घरकामच करायचे आहे, असा आईचा हिशेब. दहाव्या वर्षी टायफसच्या तापाने गाठले आणि कॅरोलाइनची उंची चार फूट तीन इंचांवरच थांबली. हिचे लग्न होणे नाही, असे घरच्यांनी धरून टाकले. (असे हिशेब आपल्याकडे होत नाहीत असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही.) वडिलांनी मात्र एका थंडीच्या रात्री तिला रस्त्यावर नेऊन तारकासमूह आणि एक धूमकेतू दाखवला होता.

वडील वारल्यावर, १७७२ मध्ये, भाऊ विल्यम तिला इंग्लंडातील बाथ गावी घेऊन गेला. तिच्याऐवजी मोलकरीण ठेवण्याचा खर्च त्याने देऊ केला, तेव्हा कुठे आईने तिला सोडले! विल्यम पेशाने संगीतकार. फावल्या वेळात तो स्वतः दुर्बिणी बनवी. आरसा घासताना तासन्‌तास हात काढता येत नसे, म्हणून बहीण त्याला घास भरवी. १३ मार्च १७८१ रोजी त्याने घरामागच्या बागेतूनच युरेनस ग्रह शोधला. राजाने त्याला तनखा दिला आणि संगीत सुटले. कॅरोलाइनचे गाणेही सुटले. ते तिला प्रथम आवडले नव्हते.

गणित ती भावाकडून शिकली. पाढे काही केल्या पाठ होईनात, म्हणून पाढ्यांचा कागद ती जवळ बाळगी. पाढे चुकणाऱ्या मुलांवर रागावताना मला तो कागद आठवतो. भाऊ दुर्बिणीतून पाहून सांगे आणि ती घड्याळ पाहून टिपून घेई. दिवसा पुन्हा सारी आकडेमोड. ३१ डिसेंबर १७८३ च्या रात्री बर्फात पाय घसरून दुर्बिणीचा लोखंडी आकडा तिच्या पायात घुसला.

१ ऑगस्ट १७८६ रोजी, भाऊ परगावी असताना, छोट्या दुर्बिणीतून तिला एक अंधूक ठिपका दिसला. दुसऱ्या रात्री तो सरकलेला आढळला. धूमकेतूच! १७९७ पर्यंत तिने असे आठ धूमकेतू शोधले. १७८७ पासून राजाने तिला वर्षाला ५० पौंड पगार दिला. शास्त्रीय कामासाठी पगार मिळालेली ती इंग्लंडातील पहिली स्त्री मानली जाते.

१८२२ मध्ये भाऊ गेला. ती हॅनोवरला परतली आणि पुतण्या जॉनसाठी सुमारे अडीच हजार तेजोमेघांची सूची तिने नव्याने लावून दिली. त्याबद्दल १८२८ मध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने तिला सुवर्णपदक दिले. हे पदक दुसऱ्या स्त्रीला मिळायला १९९६ साल उजाडले.

९ जानेवारी १८४८ रोजी, ९७ व्या वर्षी, कॅरोलाइन वारली. तिच्या इच्छेप्रमाणे शवपेटीत भावाच्या केसांची बट आणि वडिलांचे एक जुने पंचांग ठेवण्यात आले.