नागांना अंडी भरवणारे डॉक्टर

बाळाला टोचतात त्या बीसीजी लशीच्या नावातला ‘सी’ म्हणजे आल्बेर काल्मेट. क्षयावरच्या या लशीमुळे हे फ्रेंच डॉक्टर जगाला माहीत झाले. त्याआधीची कित्येक वर्षं मात्र त्यांची सापांच्या पोटापाण्याच्या काळजीत गेली.

जन्म १८६३चा, नीस शहरातला. आरमारात डॉक्टरकी केल्यावर पाश्चर यांच्या सांगण्यावरून ते १८९१ मध्ये सायगावला गेले. त्याच वर्षी पावसात बाक-लिएऊजवळच्या एका गावात नाग घराघरांत शिरले. ४० जणांना दंश झाला, ४ दगावले. एका गारुड्याने १९ नाग जिवंत पकडून पिंपात भरले आणि ते पिंप काल्मेट यांच्याकडे आलं. सर्पविषाचा त्यांचा अभ्यास तिथून सुरू झाला.

१८९५ पासून ते लील इथल्या पाश्चर संस्थेचे प्रमुख होते. घोड्याला विषाची मात्रा वाढवत टोचायची आणि त्याच्या रक्तातून प्रतिविष मिळवायचं, ही त्यांची रीत. घोडे सहज मिळत. अडचण होती सापांची. पिंजऱ्यातला विषारी साप बहुधा तोंडच उघडत नाही. जागा अनोळखी, लपायला आडोसा नाही, वर माणसांची हाताळणी. थंडी असेल तर खाल्लेलंही पचत नाही. साप उपास बराच काळ काढतो, पण अखेर खंगून मरतो आणि विषाचा पुरवठा थांबतो. मग नागाची मान पकडून, जबडा उघडून, नळीच्या नरसाळ्यातून फेटलेली अंडी त्याच्या पोटात सोडली जात. सापाच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेजवळच असतं. नळी तिकडे गेली तर साप गुदमरणार. (नागपंचमीला तहानेने व्याकूळ झालेल्या नागाच्या तोंडाशी दूध धरणं हा निराळा प्रकार. दूध हे सापाचं अन्नच नव्हे.) हे काम भरवणाऱ्याच्याही जिवावरचं होतं. सापांच्या या सहवासात काल्मेट यांना एकदा दंश झालाच. जीव वाचला, बोटाचा काही भाग मात्र गमवावा लागला.

एक चूकही त्यांच्या हातून झाली. नागाच्या विषावरचं सीरम सगळ्याच सापांवर चालेल, असं ते धरून चालले. मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, जॉर्ज लॅम्ब यांना ते घोणशीच्या विषापुढे निष्प्रभ आढळलं. म्हणजे ज्या जातीवर औषध हवं, त्या जातीचं विष हवं, आणि त्यासाठी तो सापही जगवायला हवा. आपल्याकडचं प्रतिविष आज नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषांपासून बनतं.

पुढे गेरां या पशुवैद्याबरोबर १३ वर्षं खपून त्यांनी क्षयाची लस तयार केली. १९२१ मध्ये ती पहिल्यांदा एका बाळाला देण्यात आली. १९३०मध्ये जर्मनीतल्या ल्युबेक शहरात लशीत क्षयाचे जहाल जंतू मिसळले गेले आणि ७०हून अधिक बालकं दगावली. दोष तिथल्या प्रयोगशाळेचा निघाला, पण काल्मेट यांनी त्याचा धसका घेतला. १९३३ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं.